तोफा कुणाच्या, वारा कुणाचा?

चेंबूरहून दादरला जाताना सायनची टेकडी लागते. तिच्यावर एक जुना, पडका किल्ला आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी तो बांधला, कारण त्यांची मुंबई तिथंच संपत होती. पुढं खाडी, दलदल, आणि पलीकडे दुसऱ्यांचं राज्य. ते आधी पोर्तुगीजांचं होतं. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो मुलूख मराठ्यांकडे आला. म्हणजे १७५५ साली तुम्ही आजच्या चेंबूरच्या जागी राहत असतात, तर तुमचं गाव पेशव्यांच्या राज्यात असतं आणि सायनच्या टेकडीवरून इंग्रज पहारेकरी तुमच्याकडे टक लावून बघत असता.

आता आश्चर्याची गोष्ट ऐका. हद्दीच्या या दोन बाजूंनी १९ मार्च १७५५ रोजी एकमेकांशी करार केला. पुण्याचे पेशवे नानासाहेब आणि मुंबईची ईस्ट इंडिया कंपनी, दोघांनी मिळून एका आरमारावर चालून जायचं ठरवलं. ते आरमार मराठ्यांचंच होतं! तुळाजी आंग्रे यांचं.

घरातल्या घरात पेटलेल्या अशा युद्धाला आपण यादवी म्हणतो. या यादवीत जमिनीवरची फौज आणि समुद्रावरची जहाजं, दोन्ही उतरली होती. ती कशी रचली होती, कोण कुठं उभं होतं आणि का, हे समजून घेतलं की लढाई डोळ्यांसमोर उभी राहते. मला तर तलवारबाजीपेक्षा ही रचनाच जास्त थरारक वाटते.

आधी भांडण काय होतं ते बघू. कान्होजी आंग्रे हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. कोकण किनाऱ्यावरून कुठलंही जहाज त्यांचा परवाना घेतल्याशिवाय निर्धास्तपणे जाऊ शकत नसे. १७२९ मध्ये ते वारले आणि काही वर्षांतच मुलांमध्ये तंटे सुरू झाले. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी केली. मानाजी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात बसले आणि संभाजी आंग्रे सुवर्णदुर्गाकडे. एका आरमाराची दोन आरमारं झाली. संभाजींच्या नंतर दक्षिणेकडचा वाटा आणि सरखेलपद तुळाजींकडे आलं. त्यांचं मुख्य ठाणं विजयदुर्ग. ते पेशव्यांचा हुकूम मानायला तयार नव्हते. शिवाय मराठी मुलखातल्या इतर सरदारांशीही त्यांचे खटके उडत. नानासाहेबांचा राग काही अगदी बिनबुडाचा नव्हता. पण तो राग शमवायला त्यांनी इंग्रजांच्या तोफा बोलावल्या, हे मला आजही फार मोठं नुकसान वाटतं.

आता जहाजांकडे वळू.

मराठ्यांच्या आरमारात जहाजांचे बरेच प्रकार होते, पण लढाईचा कणा दोनच. गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि निमुळतं. बाजूला तोफा असतच, पण खरी गंमत पुढं होती. पुढच्या फळीत दोन भोकं पाडलेली आणि तिथं दोन जड तोफा नाळेवरून समोर रोखलेल्या. एकेका तोफेचा गोळा चार-पाच किलोचा. गलबत त्या मानानं लहान आणि हलकं. दोन डोलकाठ्या, मोठं त्रिकोणी शीड, चाळीस-पन्नास वल्ही आणि थोड्या लहान तोफा. वारा असो वा नसो, गलबत चालणारच.

या दोघींची जोडी का, हे कळायला समोरचं युरोपी जहाज डोळ्यांपुढं आणा. उंच, भरभक्कम, आणि तोफा सगळ्या दोन्ही कुशींत ओळीनं मांडलेल्या. त्याच्या कुशीसमोर गेलात तर एका दमात वीस-तीस तोफा तुमच्यावर सुटणार. पण त्याच्या मागच्या बाजूला? तिथं जेमतेम दोन-चार तोफा. आणि वारा पडला की हे धूड जागच्या जागी खिळून राही, त्याला वळताही येत नसे.

आंग्र्यांचे दर्यावर्दी नेमके याच घडीची वाट बघत. वारा पडला की गलबतं दोर लावून गुराबांना ओढत न्यायची, थेट शत्रूच्या पिछाडीला. तिथून गुराबांच्या पुढच्या तोफा सुरू. नेम डोलकाठ्यांवर आणि शिडांवर. डोलकाठी मोडली की जहाज पांगळं झालं. मग गलबतं चहूबाजूंनी येऊन भिडायची आणि प्रत्येकातून शे-दोनशे माणसं तलवारी घेऊन वर चढायची. नाळेवर तोफा लावण्याची रचना आणि माणसांनी खच्चून भरलेली गलबतं, दोन्हींचा उपयोग एकाच बेतात होता. १७५४ च्या सुरुवातीला याच पद्धतीनं तुळाजींनी डचांची तीन जहाजं गाठली. दोन जळाली, एक हाती लागलं.

या जहाजांची तुकडी कशी करायची याचेही नियम होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं यांचा एक सुभा करावा, असं त्यात सांगितलंय. म्हणजे एका मोठ्या जहाजामागं तीन लहान. प्रत्येक जहाजावर तांडेल, खलाशी, गोलंदाज आणि लढवय्ये. हे लोक बहुतेक किनाऱ्यावरचेच : कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी. शत्रू भारी पडतोय आणि वारा आपल्या बाजूचा नाही असं दिसलं तर हट्ट न धरता जहाजं आपल्या जलदुर्गाच्या आसऱ्याला आणावीत, असाही सल्ला त्यात आहे. किल्ल्याच्या तोफा जहाजांना राखतील आणि जहाजं किल्ल्याला. जमीन आणि पाणी यांची सांगड घालायची ही मराठी रीत होती. ती लक्षात ठेवा, पुढं तिचंच काय झालं ते दिसेल.

करार झाल्यावर तीनच दिवसांनी, २२ मार्चला, कंपनीची छोटी तुकडी मुंबईहून निघाली. प्रमुख होता कमोडोर विल्यम जेम्स, त्याचं मुख्य जहाज ‘प्रोटेक्टर’, ४४ तोफांचं. पेशव्यांची गलबतं वाटेत येऊन मिळाली. सुवर्णदुर्गाजवळ तुळाजींची जहाजं दिसली आणि पाठलाग सुरू झाला. त्या दिवशी वारा अगदी मंद होता. आता बघा काय झालं! रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलंय की आंग्र्यांच्या खलाशांनी जहाजावरचं जड सामान समुद्रात फेकलं आणि शिडांच्या जोडीला अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटीसुद्धा सोडून पसरली, वाऱ्याची एकेक झुळूक पकडायला. आणि जहाजं निसटली! जेम्सला जयगडपर्यंत जाऊन परत फिरावं लागलं.

पागोट्यानं कितीसा फरक पडणार, असं तुम्हाला वाटेल. पण शिडाचा हिशोब सोपा आहे. वारा जितक्या जास्त कापडावर दाबेल तितका जोर जास्त. मंद वाऱ्यात हलक्या जहाजाला थोडंसं जादा कापडही उपयोगी पडतं. वजन कमी केलं की तळ पाण्यात कमी बुडतो आणि पाण्याचा अडथळाही घटतो. भौतिकशास्त्राच्या तासाला न बसलेल्या त्या खलाशांनी दोन्ही उपाय एकदम करून टाकले.

किल्ल्याला मात्र पळता येत नाही. सुवर्णदुर्ग हर्णैजवळ समुद्रात आहे आणि समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. जेम्सनं खोली मोजत मोजत जहाजं जवळ घातली, मारा केला आणि सुवर्णदुर्गातल्या दारूच्या साठ्याला आग लागली. एप्रिलच्या सुरुवातीला हे चारही किल्ले पडले, पाठोपाठ बाणकोट. त्याच्यापुढं पाऊस आडवा आला. पावसाळ्यात शिडाची जहाजं कोकणच्या समुद्रात कुणी काढत नसे, मग ते आंग्रे असोत की इंग्रज. मोहीम थांबली.

आणि त्या विश्रांतीत इंग्रजांचं नशीब फळफळलं. १७५५ च्या अखेरीला मुंबईत दोन माणसं येऊन पोचली. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा अॅडमिरल चार्ल्स वॉटसन आणि कंपनीचा लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह. तोच क्लाइव्ह, जो पुढं प्लासीला लढला. जेम्सला आधी विजयदुर्गाची टेहळणी करायला पाठवलं. त्या काळी समुद्राची खोली कशी मोजत, सांगू? लांब दोरीला शिशाचं जड वजन बांधायचं आणि ते पाण्यात सोडायचं. दोरीवर ठरावीक अंतरावर खुणा असत, त्यांवरून खोली कळे. वजनाच्या बुडाला एक खळगी ठेवत आणि तिच्यात चरबी भरत. वजन तळाला टेकलं की चरबीला चिकटून वाळू, चिखल नाहीतर शिंपल्यांचा चुरा वर येई. तळ वाळूचा आहे की चिखलाचा, नांगर धरेल की सुटेल, हे त्यावरून ठरे. जेम्सनं परत येऊन सांगितलं, मोठी जहाजं तटाच्या अगदी जवळ जाऊ शकतात. विजयदुर्गाचं भवितव्य बहुधा त्याच दिवशी ठरलं.

७ फेब्रुवारी १७५६. मुंबईहून ताफा निघाला. वॉटसनच्या ‘केंट’वर ७० तोफा. शिवाय ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’, अशी राजाची जहाजं, कंपनीची लढाऊ जहाजं आणि काही छोट्या उखळी नौका. ताफ्याबरोबर क्लाइव्हच्या हाताखाली सुमारे ७०० गोरे शिपाई आणि त्यांच्या जोडीला देशी शिपाई. पेशव्यांची फौज खंडोजी माणकर आणि रामाजी महादेव यांच्याबरोबर जमिनीवरून किल्ल्याजवळ येऊन ठेपली होती. मराठ्यांच्या चार गुराबा आणि चाळीस गलबतं उत्तरेला राजापूरच्या खाडीत उभी होती.

आता वहीचं एक कोरं पान घ्या. डावीकडे समुद्र. मधोमध डावीकडून उजवीकडे एक रुंद पट्टा काढा, ती वाघोटनची खाडी. पट्ट्याच्या खालच्या बाजूला, अगदी तोंडाशी, एक खोडरबर ठेवा. हा विजयदुर्ग. किल्ल्याला लागून, पट्ट्यात, आठ-दहा काड्या एकमेकींना चिकटून ठेवा. ही तुळाजींची जहाजं, एकमेकांना बांधून ठेवलेली. खोडरबराच्या खाली, जमिनीवर, पेशव्यांची फौज. आता डावीकडून इंग्रजांच्या दोन समांतर रांगा आत आणायच्या. मोठी जहाजं किल्ल्याच्या बाजूला आणि उखळी नौका त्यांच्या पलीकडे, मोठ्या जहाजांच्या आडोशाला.

का बरं असं? साध्या तोफेचा गोळा जवळजवळ सरळ जातो. तट फोडायला तो चांगला, पण तटाच्या मागं लपलेल्या वस्तूला तो लागत नाही. उखळी तोफेचं तोंड वर असतं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे चेंडू टाकायचा असेल तर तुम्ही तो उंच फेकता ना, तसा तिचा गोळा वर चढतो आणि पलीकडे कोसळतो. हा गोळा आतून पोकळ, त्यात दारू भरलेली आणि एक जळती वात. पडल्यावर तो फुटतो. या नौका नाजूक असतात, समोरासमोरच्या माऱ्यात टिकत नाहीत. पण त्यांना समोरून मारा करायचाच नसतो! आपल्याच मोठ्या जहाजाच्या डोक्यावरून त्या गोळे फेकू शकतात. म्हणून मोठी जहाजं ढाल झाली आणि छोट्या नौका त्यांच्या मागून मारा करू लागल्या.

१२ फेब्रुवारीला सकाळी ताफा थांबून राहिला. वॉटसन वाऱ्याची वाट बघत होता. ‘केंट’वर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा शल्यवैद्य होता, त्यानं पुढं या साऱ्या प्रवासाचं वर्णन लिहिलं. दुपारी एकच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटला आणि नांगर उचलले.

हा वारा तुम्हाला चेंबूरमध्ये बसून बघता येतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या दिवशी भल्या सकाळी आरसीएफ कारखान्याच्या चिमणीचा धूर कुठं झुकतोय ते पाहा आणि दुपारी तीनला पुन्हा पाहा. दुपारी तो पूर्वेकडे कललेला दिसेल. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. दिवसा जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून गार हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि उलटा प्रवाह सुरू होतो, ते मतलई वारे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या खाडीत शिडांच्या जहाजांना शिरायचं, तर दुपारचा खारा वाराच हवा. तोच वारा खाडीत उभ्या असलेल्या तुळाजींच्या जहाजांना बाहेर पडू देणार नव्हता. एकाच वाऱ्यानं एकाला वाट दिली आणि दुसऱ्याची अडवली.

तोफा धडाडू लागल्या. गुराबांची सारी ताकद हलण्यात, वळण्यात, मागून गाठण्यात. आणि त्या दिवशी त्या तटाखाली जखडलेल्या होत्या. दुपार कलली आणि एक उखळी गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेलं. त्यानं पेट घेतला. सुकं लाकूड, राळ आणि तेल पाजलेल्या फळ्या, काथ्याचे दोर, कापडी शिडं, त्यात समुद्राचा वारा. एका जहाजावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. पन्नासहून अधिक वर्षं ज्या आरमाराच्या नावानं इंग्रज, डच, पोर्तुगीज सावध होत, ते एका संध्याकाळी जळून गेलं. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसच्या आसपास.

तुळाजी तेव्हा किल्ल्यात नव्हतेच. ते पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते. घरातलं भांडण घरात मिटवायची ती शेवटची खटपट असावी, असं मला वाटतं. किल्ला त्यांच्या मेहुण्यांच्या हाती होता. इंग्रजांना हीच धास्ती होती की किल्ला परस्पर मराठ्यांच्या हवाली होईल. म्हणून त्याच रात्री क्लाइव्ह आपले शिपाई घेऊन जमिनीवर उतरला आणि पेशव्यांची फौज आणि किल्ला यांच्या मध्ये जाऊन बसला. तुमच्या वहीच्या पानावर खोडरबराच्या खाली आणखी एक काडी ठेवा. बघा, ती काडी शत्रूला अडवत नाहीये, मित्राला अडवतेय!

दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, पुन्हा मारा झाला आणि किल्ला पडला. आत सुमारे दहा लाख रुपये सापडले. ते कसे वाटायचे हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्याआधीच ठरवून ठेवलं होतं, आणि त्या वाटणीत पेशव्यांचा हिस्सा नव्हता. किल्ला पेशव्यांना द्यायचा करार असूनही इंग्रजांनी तो ऑक्टोबर १७५६ पर्यंत सोडला नाही. बाणकोट तर त्यांनी स्वतःकडेच ठेवला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं.

या सगळ्याचा परिणाम चेंबूरपर्यंत पोचला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला केला आणि खाडीपलीकडचा तो साष्टीचा मुलूख मराठ्यांच्या हातून गेला. त्या वेळी मुंबईच्या बंदराला धाक दाखवील असं आंग्र्यांचं जुनं आरमार असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. गंमत बघा, ज्या बॉम्बे कॅसलमधून कंपनीचा कारभार चाले, ती फोर्टमधली जागा आज भारतीय नौदलाकडे आहे आणि तिथल्या नौदल तळाचं नाव आहे ‘आयएनएस आंग्रे’.

विजयदुर्ग ताब्यात आल्यावर पेशव्यांनी तिथं पुन्हा आरमारी सुभा उभा केला. पुढं तो आनंदराव धुळपांकडे आला. लाकूड नवं, खलाशी त्याच कोकणातले. १७८३ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीजवळ धुळपांच्या गुराबांना आणि गलबतांना कंपनीचं ‘रेंजर’ नावाचं जहाज भेटलं. गुराबा मोकळ्या समुद्रात होत्या, एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. त्यांनी ‘रेंजर’ला घेरलं, गलबतांतली माणसं वर चढली, आणि पकडलेलं जहाज त्यांनी विजयदुर्गच्या बंदरात आणून नांगरलं.